इंदुरात राहून ऊर्जा व्यवस्थापन शिकायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की एकदा, आणि मग गणपतीत पुन्हा, रामबागेतल्या आमच्या घरी हे प्रश्न येतात. कुणाची आत्या फोन करते, कुणी आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊनच विचारतं. मी देवी अहिल्या विद्यापीठातून ऊर्जा व्यवस्थापनात एम.टेक. केलं आणि तेव्हापासून कारखान्यांचं एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी, करते. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

ऊर्जा व्यवस्थापन म्हणजे सोलरच ना?

नाही. सोलर हा त्यातला एक धडा. कारखान्यात, दवाखान्यात किंवा अख्ख्या शहरात वीज, कोळसा, गॅस, डिझेल येतं कुठून, पडतं कितीला, खर्च कुठे होतं आणि वाया कुठे जातं, याचा हिशेब म्हणजे हा विषय.

आपल्या नळाचंच घ्या. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, आणि घाट चढून. नदी आणि शहर यांच्या उंचीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर वर चढवायला, पंपातलं आणि पाइपातलं नुकसान शून्य धरलं तरी, १.१ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम धरले तर दीड युनिटाच्या वर. गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा नुसतं पाणी वाहत नसतं. महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले (म्हणजे लोकांकडून पर्यावरणाच्या कामासाठी कर्ज घेतलं) ते याच पंपांच्या वीजबिलापायी, जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. आता पंप बदलायचे, की चालवायची वेळ बदलायची, की सौर घालायचं, की आधी शहरातली गळती बुजवायची? हे चारही पर्याय एका कागदावर रुपयांत मांडून दाखवता आले की समजा विषय आला.

इंदुरात हे कुठे शिकवतात? बाहेर जायचं झालं तर?

खंडवा रोडवर विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात ऊर्जा आणि पर्यावरण अध्ययनशाळा आहे. तिथला ऊर्जा व्यवस्थापनाचा एम.टेक. जुना आणि उद्योगात ओळखीचा आहे. बाहेर म्हटलं तर भोपाळचं मॅनिट, आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकी विभाग, गांधीनगरचं पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ, डेहराडूनचं यूपीईएस, दिल्लीची टेरी. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर फरीदाबादच्या एनपीटीआयमध्ये वीजक्षेत्राचं एमबीए आहे. प्रवेशाचे नियम आणि फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय भरलं, त्यावर जाऊ नये.

बारावीनंतर थेट ऊर्जेतच बी.टेक. घेऊ का?

माझं मत विचाराल तर घाई नको. आधी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा केमिकल पक्कं करा. इंदूरच्या एसजीएसआयटीएस अभियांत्रिकी कॉलेजला मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. ऊर्जा हा विषय नंतर त्यावर चढवता येतो. उलटं जमत नाही, कारण नोकरीच्या जाहिरातीत अजूनही शाखा म्हणून ‘इलेक्ट्रिकल/मेकॅनिकल’ असंच छापून येतं आणि ‘एनर्जी इंजिनिअरिंग’ वाचून मनुष्यबळवाले बुचकळ्यात पडतात. खासगी कॉलेजांचे ‘हरित’, ‘शाश्वत’ अशी विशेषणं लावलेले नवे कोर्स दिसतील. तिथे गेलात तर प्रयोगशाळेत बॉयलर आहे का, निदान एक चालू पंप आणि त्याला लावलेला फ्लोमीटर आहे का, हे बघून या. पोस्टर बघून नको.

मी बी.एस्सी. आहे. माझं काय?

भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून या क्षेत्रात आलेले बरेच आहेत. पुढे ज्या परीक्षेबद्दल लिहिलंय तिलाही ते बसू शकतात. वाणिज्यवाल्यांनाही जागा आहे, पण ती वीजखरेदी, दरपत्रकं आणि कार्बनचा हिशेब या बाजूला. बॉयलर हाउसमध्ये नाही.

गणित किती लागतं?

घाबरण्याइतकं नाही. उष्मागतिकी, द्रव यांत्रिकी, थ्री-फेजची गणितं, आणि पैशाचं गणित: आज घातलेला रुपया किती वर्षांत परत येतो ते. काही आकडे मात्र झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. चिमणीतून जाणारा धूर २२ अंशांनी थंड केला की इंधनात साधारण १ टक्का बचत. बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी गरम केलं की पुन्हा १ टक्का. आणि पंख्याचा वेग २० टक्के कमी केला की त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे उतरते. या शेवटच्या वाक्यावर कित्येक कन्सल्टंटांची घरं चालतात.

‘बीईई’ची परीक्षा म्हणजे काय? ती दिली की डिग्री नाही लागत म्हणे?

चुकीचं ऐकलंत. ऊर्जा संरक्षण कायदा २००१ चा. त्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, सुरू झालं. प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक आणि प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक या दोन प्रमाणपत्रांसाठी ते राष्ट्रीय परीक्षा घेतं. पेपर चार: पहिला सर्वसाधारण ऊर्जा व्यवस्थापन आणि ऑडिटचा, दुसरा उष्णतेच्या उपकरणांचा, तिसरा विजेच्या उपकरणांचा, चौथा उपकरणांच्या कामगिरीच्या मोजमापाचा. व्यवस्थापक व्हायचं तर पहिले तीन. ऑडिटर व्हायचं तर चौथाही, आणि तो पुस्तक उघडून द्यायचा असतो. पुस्तक उघडून म्हणजे सोपा असं वाटून गेलेली मुलं पुढच्या वर्षी पुन्हा भेटतात.

गोम अशी की कोरी डिग्री घेऊन बसता येत नाही. अभियांत्रिकी पदवीवाल्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर असेल तर दोन, डिप्लोमावाल्याला सहा, आणि वर सांगितलेल्या एम.एस्सी.वाल्याला तीन. म्हणजे एम.टेक.ची दोन वर्षं घातली की एक वर्ष वाचतं. हिशेब तोट्याचा वाटेल, पण अनुभव मिळवायला पहिली नोकरी लागते आणि ती एम.टेक.मुळे लवकर मिळते. ब्यूरोची चार मार्गदर्शक पुस्तकं आहेत. परीक्षा द्यायची नसली तरी ती वाचा. माझ्या प्रती तेलाच्या डागांनी पारदर्शक झाल्यात.

नोकऱ्या नक्की कुठे आहेत?

एकाच ठिकाणी नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

पिथमपूर आणि सांवेर रोड हे आपल्या दारातले. पिथमपुरात वाहनउद्योग, औषधं, कापड. सांवेर रोडवर लहान-मोठी नमकीनची, प्लास्टिकची युनिटं. मोठ्या कारखान्यांना कायद्याने ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि ठराविक काळाने ऑडिट करून घ्यावं लागतं. २०१२ पासून ‘पॅट’ योजनेत अशा उद्योगांना ऊर्जाबचतीची लक्ष्यं दिली गेली, आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. शिवाय युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयातीवर कार्बनचा कर लावायची व्यवस्था केली आहे, तिचा पक्का टप्पा जानेवारी २०२६ पासून. तिकडे माल पाठवणाऱ्याला आता दर टनामागे किती कार्बन गेला हे लिहून द्यावं लागतं. ते लिहिणारा माणूस मिळत नाही, अशी तक्रार मी दर महिन्याला ऐकते.

दुसरं ठिकाण वीज कंपन्या. पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीचं मुख्यालय आपल्या पोलोग्राउंडलाच आहे. निमाडात उतरलात तर इंदिरा सागर १,००० मेगावॉट, ओंकारेश्वर ५२० मेगावॉट, आणि खंडव्याकडचं सिंगाजी औष्णिक केंद्र २,५२० मेगावॉट. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पॅनल आलेत, पहिला टप्पा २७८ मेगावॉटचा.

तिसरं ठिकाण पोरांना ठाऊकच नसतं: अंदाज आणि वीजखरेदी. विजेच्या बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात. पवनचक्की किंवा सौर प्रकल्प उद्या दुपारी दोन ते सव्वादोनमध्ये किती वीज देईल हे आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि फार चुकलं तर दंड. खुर्चीवर बसून करायचं काम, एक्सेल आणि थोडं पायथन येत असेल तर उत्तम. कोडिंग आवडतं पण निव्वळ आयटीत जायचं नाही, अशांनी इथे बघावं.

चौथं, महापालिका. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला: दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची आणि १७,००० किलो गॅस काढायची क्षमता. आपल्या घरची वांग्याची देठं आणि छप्पन दुकानातल्या पोह्यांची उष्टी द्रोणं सिटी बसला पळवतात, असं मी भाच्याला सांगितलं तर द्रोण वेगळ्या डब्यात जातात म्हणून त्यानेच मला दुरुस्त केलं. इंदूरचं पोर आहे.

ऑडिटचं काम प्रत्यक्षात कसं असतं?

एक प्रसंग सांगते, त्यात बरंच येईल. पिथमपूरचा एक मध्यम कारखाना. रविवार, उत्पादन बंद. एरवी शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्या दिवशी चिमण्या ऐकू येत होत्या. आणि चिमण्यांच्या खाली एक बारीक सुस्कारा, सतत. फोरमनकाकांना सांगून फक्त २२ किलोवॉटचा कम्प्रेसर चालू ठेवला. हवा वापरणारं एकही मशीन चालू नाही, म्हणजे टाकी एकदा भरली की कम्प्रेसरने गप्प बसायला हवं. तो बसेना. दीड मिनिट लोड (हवा भरणं), तीन मिनिटं अनलोड (नुसतं फिरणं), पुन्हा दीड मिनिट लोड. घड्याळ लावून दहा फेऱ्या मोजल्या. साडेचार मिनिटांतली दीड, म्हणजे कम्प्रेसरची एक तृतीयांश हवा नुसती गळत होती.

आता गुणाकार. २२ चा तिसरा हिस्सा ७.३३ किलोवॉट. चोवीस तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,२०० तास. ५२,८०० युनिटं. आठ रुपये दर धरला तर सव्वाचार लाखांच्या आसपास. मालक कागद उलटसुलट करून म्हणाले, “मॅडम, ये हर साल का है?” मी म्हटलं, हो, दरसाल.

मग साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन पाइपलाइन चालत गेलो. जिथे बुडबुडे तिथे खडूने गोल. बहुतेक गळत्या होज क्लिपांवर आणि झिजलेल्या कपलरवर. एका जागी होज सुतळीने बांधलेला होता, वर हळदीकुंकू वाहिलेलं. दसऱ्याची पूजा झालेली दिसत होती. ते मी पुसलं नाही, सुतळी मात्र काढली.

कामाचा अर्धा भाग असा. उरलेला अर्धा म्हणजे रिपोर्ट: बॅगेतला विजेचा प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर, धुरातले वायू मोजणारा फ्लू गॅस ॲनालायझर, पाण्याच्या प्रवाहाचा अल्ट्रासॉनिक मीटर यांचे आकडे रात्री लॉजवर बसून टेबलात भरायचे. आणि एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीचं, वीजबिल वाचायचं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली मागणी) किती, महिन्यात कमाल मागणी किती गेली, पॉवर फॅक्टर कुठे घसरला, संध्याकाळचे महागडे तास टाळता येतात का. मशीनला हात न लावता नुसत्या बिलातून पैसे वाचलेले मी अनेकदा पाहिलेत.

मुलीला पाठवावं का? पिथमपूर, बॉयलर, रात्री-अपरात्री…

हा प्रश्न माझ्या आईलाही विचारला गेला होता, तोही मी आतल्या खोलीत असताना. पाठवा. कारखान्यातली माणसं कामाशी काम ठेवतात, आणि पहिल्या दिवशी बॉयलरच्या शिडीवर चढलात की दुसऱ्या दिवसापासून चहा आधी तुम्हाला येतो. खरी अडचण वेगळी असते. माझ्या पहिल्याच ऑडिटला त्या कारखान्यात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. तीन दिवस पाणी न पिता काढले आणि चौथ्या दिवशी तापाने पडले. तेव्हापासून काम घेतानाच ईमेलमध्ये तो प्रश्न विचारते, टेस्टिंग पॉइंट कुठे आहेत याच्याही आधी. सेफ्टी शूज स्वतःचे घ्या, कंपनीचे सहा नंबरच्या खाली नसतात. ओढणी नको.

पगार किती?

सुरुवातीला आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी. तीन-चार वर्षांनी, ऑडिटरचं प्रमाणपत्र हातात आलं की दर बदलतो, कारण मग तुमच्या सहीला वजन येतं. सुरुवातीलाच मोठा आकडा सांगणाऱ्या कॉलेजला गेल्या वर्षीच्या मुलांची नावं आणि त्यांच्या कंपन्या विचारा.

मला सोलरमध्येच जायचंय.

जा की. रीव्याचा ७५० मेगावॉटचा प्रकल्प आपल्याच राज्यातला. २०१७ च्या बोलीत तिथला पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला तेव्हा सगळे चकित झाले, आणि त्या विजेचा काही भाग दिल्ली मेट्रो घेते. पण सोलरमध्ये नुसती पॅनलची माहिती असलेली गर्दी आहे. जमिनीचे करार, वीजखरेदीचे करार, ग्रिडला जोडणं, धुळीने उत्पादन किती पडतं याचा हिशेब येणारे थोडे. छतावरचा एक किलोवॉट दिवसाला सरासरी चारेक युनिटं देतो. कुणी सहा म्हणाला तर तो विकायला आलाय.

कोळसा बंद होणार. मग औष्णिक वीज शिकून काय उपयोग?

उद्या बंद होत नाही. रात्री तुमच्या खोलीतला पंखा अजून बहुतेक कोळशावर फिरतो. आणि बॉयलर म्हणजे फक्त वीजकेंद्र नव्हे. औषधांच्या कारखान्यात, डेअरीत, कापड रंगवायला वाफ लागतेच. आमचे आजोबा इथल्या एका मिलच्या बॉयलर हाउसमध्ये होते. ते भट्टीच्या झरोक्यातून ज्वाळेचा रंग बघून हवा कमी-जास्त करायचे. मी तेच काम ॲनालायझरवर ऑक्सिजनचा आकडा बघून करते. इंधन बदलेल, भुसा येईल, गॅस येईल, वीजही येईल. वाफेचा हिशेब तोच.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

शेडमध्ये हिंदी चालतं, त्यातही माळवी वळणाचं. रिपोर्ट इंग्रजीत. पण वाक्यं ठरलेली असतात, दहा रिपोर्ट वाचले की येतात. आकडा चुकला तर मात्र कुठल्याच भाषेत सावरता येत नाही. मी एकदा किलोवॉटच्या जागी केव्हीए लिहून मोकळी झाले होते, तो कागद आमच्या सरांनी अजून जपून ठेवलाय.

शेवटच्या सत्राचा प्रकल्प कोणता घेऊ?

इंटरनेटवरून सिम्युलेशन उचलू नका. आपल्या शहरातलं काहीतरी मोजा. सांवेर रोडच्या नमकीन युनिटमध्ये एक किलो शेव तळायला किती इंधन जळतं? कढईच्या वरून उडणारी उष्णता परत तेल तापवायला आणता येईल का? मालकाला गोड बोलून आठ दिवस उभं राहू द्या म्हणावं, इंदुरात शेवेबद्दल विचारलं तर नाही म्हणणारा विरळा. किंवा एखाद्या नर्सिंग होमचा एसी, एखाद्या मंगल कार्यालयाचं जनरेटर. मुलाखतीत ‘तुम्ही काय मोजलं?’ एवढंच विचारतात. ‘मॉडेल केलं’ म्हणालात की पुढचा उमेदवार आत येतो.

प्रवेशाला अजून दोन महिने आहेत. तोवर काय करू?

घरचं विजेचं बिल मागा आणि एक वही करा. रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहा. मी हे केलं तेव्हा जानेवारी होता, पंखे बंद. रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये मीटर ०.९ युनिट पुढे जायचा. फ्रिजचे ०.४ धरले तरी अर्धं युनिट कोण खातंय ते कळेना. घरात सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आठव्या रात्री अलार्म लावून बसले, तेव्हा पहाटे चारला बोअरचा पंप आपोआप सुरू झाला आणि अर्ध्या तासाने थांबला. संडासाचा फ्लश रात्रभर गळत होता, टाकी उतरत होती, आणि ऑटोमॅटिक स्विच आपलं काम इमानाने करत होता. वॉशर दहा रुपयांचा निघाला.